चढावरचा आवाज

रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा आणि तो काकूंचा असायचा. म्हणजे वाजायचा तो दोघांच्या मधल्या टेबलावर, पण उचलायचा काकूंनी, बोलायचं काकूंनी, हसायचं काकूंनी, आणि काकांनी समोर वर्तमानपत्र धरून बसायचं. त्या वेळात वर्तमानपत्राचं एकही पान उलटत नसे, पण ते आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. परदेशात नोकरीला गेलेल्या लेकीने कोणते पडदे घेतले, तिची शेजारीण कशी खडूस आहे, साहेबाने कसा पिच्छा पुरवलाय, थंडीने टाचा कशा फुटल्यात, हे सगळं काकूंच्या कानात जायचं. मग सगळं सांगून झालं, आता ठेवायचाच फोन, अशा वेळी काकूंना आठवण व्हायची. "थांब हं, बाबांना देते."

मग काकांचा वाटा. बरे आहात ना, हो, तू, मी पण, जपून राहा, हो बाबा, ठेवते. एवढंच. काकांच्या हातात यायचा तेव्हा फोन काकूंच्या बोलण्याने गरम झालेला असायचा, आणि त्यांच्या हातून परत जातानाही तो तेवढाच गरम असायचा.

काकांना काय हवं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांना एकदा लेकीशी पोटभर बोलायचं होतं. निरोपाचं नव्हे, काकूंचं झाल्यावर उरलेलं नव्हे, त्यांचं स्वतःचं बोलणं. पण बोलायचं म्हणजे काय, तिथेच त्यांचं घोडं अडत होतं. हवापाण्याचं विचारून झालं की त्यांच्याजवळचा माल संपायचा.

काकांचा जन्म गेला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारीच्या खिडकीशी. खिडकी एवढीशी, रांग एवढी मोठी. माणसाने "आमच्याकडे पाणी" एवढं म्हणावं की काकांनी सांगावं, व्हॉल्व्ह तपासून घ्या, पुढे. "बिल" म्हणावं की सांगावं, वरचा मजला, पुढे. पूर्ण वाक्य ऐकून घेण्याची चैन त्या रांगेला परवडणारी नव्हती. कचेरीत त्यांचं नाव होतं. इतक्या झटपट खिडकी मोकळी करणारा माणूस दुसरा नव्हता, असं निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले होते, आणि काका ते अजून अभिमानाने सांगायचे.

एका रविवारी फोन ठेवल्यावर काकू भाजी निवडता निवडता सांगू लागल्या, की लेक हल्ली कामावर सायकलने जाते, आणि चढ आला की सायकल करकर वाजते म्हणाली. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. कसली करकर, कुठून येते, असं काकांनी विचारल्यावर काकू म्हणाल्या, मला काय ठाऊक, मी काय सायकलवर बसले होते? पण काकांच्या जिवात जीव आला. सायकल. हा विषय होता. यावर बाप बोलू शकतो.

पुढच्या रविवारी फोन हातात येताच त्यांनी विचारलं, "सायकल वाजते म्हणे?"

लेक म्हणाली, हो ना बाबा, चढावर असा एक आवाज येतो, म्हणजे आधी वाटलं की... आणि काका म्हणाले, "तेल घाल."

मग ती म्हणाली, बरं, घालते. जपून राहा बाबा. ठेवते.

काका फोनकडे बघत बसले. उत्तर बरोबर होतं, लगेच दिलं होतं, मग हे बोलणं एवढ्यात संपलं कसं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी असा निष्कर्ष काढला, की आपलं ज्ञान कमी पडलं. सायकलीतलं नीट शिकायला हवं. कचेरीतला माणूस, अडलं की अर्ज करायचा हे त्याच्या रक्तातच होतं. महिन्याभरात आपले काका गावातल्या सायकल-मेकॅनिकच्या प्रशिक्षण वर्गात दाखल झाले, तेही हौशी लोकांच्या शनिवारच्या वर्गात नव्हे, तर धंदा करू पाहणाऱ्यांच्या रोजच्या.

काकूंनी कपाळावर हात मारला. घरातला पंखा कुरकुरतोय त्याला तेल घालायला सांगून वर्ष होत आलं, म्हणाल्या, आणि हे निघाले जगाच्या सायकली दुरुस्त करायला. लेकीलाही त्यांनी ही बातमी तिखटमीठ लावून सांगितली. काका वर्तमानपत्राआडून कान टवकारून होते. पलीकडून लेकीचं हसू ऐकू आलं आणि त्यांना त्या हसण्याचा हेवा वाटला, कारण ते काकूंना मिळालं होतं.

वर्ग म्हणजे एक लांबट शेड होती. एका बाजूला रस्त्याकडे उघडणारं दुकान, मागे शिकाऊंसाठी ओळीने लावलेले स्टँड, त्यावर चाकं अधांतरी राहतील अशा टांगलेल्या सायकली, आणि भिंतीवर नट-बोल्ट आवळायचे पाने. प्रत्येक पान्यामागे त्याची काळी बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबून दिसावं. शिकवणाऱ्या मॅडम काकांच्या लेकीच्याच वयाच्या. नखांत ग्रीस, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांना सांगितलं, की वयाचा मान चहाच्या वेळी मिळेल, स्टँडवर मिळणार नाही. काकांना ते आवडलं.

आणि काका शिकले, यात खोटं नाही. त्यांच्या हाताला वळण लागायला वेळ लागला. आरंभी तर त्यांनी डावं पॅडल काढताना ते जीव खाऊन आणखीच घट्ट केलं, कारण त्याचे आटे उलटे असतात हे सांगितलेलं ते विसरले होते. पण हळूहळू ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधायला ते शिकले. चाकाच्या तारा बोटाने छेडून कुठली सैल आहे ते ओळखायला शिकले. बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, एकेक उजेडाकडे धरून, खड्डा पडलेला वेगळा काढायला त्यांना फार आवडायचं. घरी आले की त्यांच्या बोटांना वास यायचा आणि काकू त्यांना चहाचा कप लांबूनच सरकवायच्या.

शिकलेलं सगळं ते रविवारी लेकीला सांगत. चेन धू आणि मगच तेल घाल. छर्रे बदलून घे. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, सैल असणार, घट्ट करायला सांग. दर आठवड्याला नवं उत्तर. ती ऐकायची, हो बाबा म्हणायची. पूर्वीपेक्षा बोलणं लांबलं होतं, यात शंका नाही, पण लांबलं होतं ते सगळं काकांच्याच बाजूने. फोन ठेवल्यावर त्यांना तसंच रितं वाटायचं. इतकं बोलून आपल्याला तिच्याबद्दल काहीच कसं कळलं नाही, असं मनात यायचं, आणि मग ते पुढच्या आठवड्यात काय सांगायचं याचा विचार करू लागायचे.

दुकानात येणारी गिऱ्हाइकं शेवटच्या टप्प्यात शिकाऊंच्या हाती दिली जात. काकांच्या वाट्याला आली एक नर्स. ड्यूटीवर जायच्या घाईत, पोशाखावर स्वेटर, सायकल दारातच उभी करून म्हणाली, "चढावर करकर करते हो. म्हणजे मी बसले की..."

काका हातातली चिंधी टाकून पुढे झाले. हाच आवाज! लेकीचाच! गेले कित्येक महिने ते याच आवाजाचा अभ्यास करत होते. "मधला एक्सल," ते म्हणाले. "संध्याकाळी घेऊन जा."

ती काहीतरी सांगणार होती, पण घड्याळ बघून निघून गेली. काकांनी दिवसभर खपून तो पॅडल फिरवणारा मधला एक्सल उघडला. दोन्ही क्रँक काढले, छर्र्यांच्या वाट्या काढल्या, जुनं काळं ग्रीस चिंधीने पुसलं, छर्रे नवे घातले, सगळं पुन्हा असं बसवलं की बोटाने ढकललं तर पॅडल गिरक्या घेत राहावं. जेवायलाही उठले नाहीत. बाकीचे शिकाऊ येऊन बघून गेले. मॅडमही एकदा मागे उभ्या राहून गेल्या, बोलल्या नाहीत.

संध्याकाळी नर्स आली, सायकलवर बसली, समोरच्या चढावर गेली आणि परत आली. करकर तशीच होती.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम पुढे झाल्या. त्यांनी सायकलीला हातही लावला नाही. नर्सला विचारलं, सकाळी तुम्ही काय सांगत होता? ती म्हणाली, हेच, की मी सीटवर बसले की वाजते, पॅडलवर उभं राहून मारली तर नाही वाजत. मॅडमनी सीटखालचा बोल्ट पाहिला, पाना मागितला, अर्धा वेढा आवळला. "आता बघा," म्हणाल्या. सायकल चढावर गेली आणि मुकी परत आली. नर्सने आभार मानले, तेही काकांकडे बघून, दिवसभर राबले म्हणून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, हात चांगला आहे तुमचा. पण गिऱ्हाईक बोलायच्या आधी तुम्ही पाना उचलता."

आणि त्यांनी शिक्षा दिली. पुढले काही दिवस काकांनी हत्याराला शिवायचं नाही. दुकानाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचं, येईल त्याला फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर एकही द्यायचं नाही, अंदाजही सांगायचा नाही. ऐकलेलं जसंच्या तसं आत कामाला असलेल्याला सांगायचं. इतकी वर्षं खिडकीशी बसून सुटलेला माणूस पुन्हा खिडकीशी आला, आणि या वेळी खिडकी मोकळी करायची नव्हती.

पहिले दोन दिवस त्यांनी जीभ अक्षरशः दातांत धरली. कुणी "ब्रेक" म्हटलं की आतून "रबर बदला" असं उसळून यायचं. ते गिळायचं आणि विचारायचं, पुढचा की मागचा? कोरड्यात की ओल्यात? हा त्रास नवीन आहे की पहिल्यापासून? आणि मग गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यांत अवघड. पण त्यांच्या एक ध्यानात आलं. माणूस पहिल्यांदा जे सांगतो ते लोकांकडून ऐकलेलं असतं. स्वतःचं तो त्यानंतर सांगतो, कुणी थांबलं तर. टपाल वाटणारा एक जण ब्रेकचं सांगायला आला होता. काका नुसते बसून राहिले, तर म्हणाला, तसे ब्रेक ठीक आहेत हो, पण एकदा पडलोय तेव्हापासून उतारावर भीती वाटते. काकांनी तेही आत जाऊन तसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी ब्रेकचा दांडा बोटांच्या जवळ आणून दिला, आणि टपालवाला खुश होऊन गेला.

त्याच स्टुलावर एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, काकांना ती संध्याकाळ आठवली. लेकीला परदेशातल्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. ती त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती, चौकटीवरचा रंग नखाने खरवडत, आणि म्हणाली होती, बाबा, मला जायचंय, पण... आणि काका म्हणाले होते, "जा. तिकिटाचं मी बघतो." तिने मान हलवली आणि ती गेली. आधी दारातून, मग देशातून. त्या "पण"च्या पुढे काय होतं ते त्यांनी विचारलंच नव्हतं. आपण किती चटकन हो म्हणालो याचाच त्यांना इतकी वर्षं आनंद होता. आता त्या दुपारी त्यांना एकदम रडू आलं. मळक्या चिंधीने डोळे पुसले आणि डोळ्यांत ग्रीस गेलं, ते वेगळंच.

त्या शनिवारी त्यांचा जीव टांगणीला लागला. भीती एकच होती, की लेकीची सायकल एव्हाना दुरुस्त झाली असेल. मेकॅनिक होऊ घातलेला माणूस, आणि देवाकडे मागत होता की ती सायकल अजून वाजत असू दे.

रविवारी काकू नेहमीसारख्या बोलल्या. मावशीच्या गुडघ्यापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं झालं. काका वर्तमानपत्र न घेताच बसले होते. फोन त्यांच्याकडे आला आणि लेक म्हणाली, "बरे आहात ना?"

"सायकल अजून वाजते का गं?" काकांनी विचारलं.

"वाजते." ती जरा थांबली. नेहमीच्या उपायाची वाट बघत असावी.

"सीटवर बसून मारतेस तेव्हा वाजते, की उभी राहून मारलीस तरी वाजते?"

काका काहीच बोलले नाहीत. मग ती म्हणाली, मी कधी तसं पाहिलंच नाही. आणि मग म्हणाली, "थांबा, बघून सांगते. फोन ठेवू नका, खिशात टाकते."

काकूंनी खुणेने विचारलं, काय झालं. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा हात त्यांनी कधी केला नव्हता, त्यामुळे काकू खरंच थांबल्या.

फोनमध्ये कापड घासल्याचा आवाज. दार. जिना, बरेच मजले. लेक वरच्या मजल्यावर राहते हे काकांना माहीत होतं, पण इतक्या वर राहते हे माहीत नव्हतं. कुलूप उघडलं, साखळी सळसळली. मग वारा, एक गाडी गेली, कुणीतरी तिला काहीतरी म्हणालं आणि ती त्या परक्या भाषेत सहज उत्तर देऊन हसली. काकांनी तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. ती तिकडे जगते, रस्त्यावर ओळखीची माणसं आहेत, हे त्यांना ऐकून माहीत होतं. आज ते प्रत्यक्ष कानांवर पडलं, आणि बरं वाटता वाटता आत कुठेतरी दुखलं. ती आपल्यावाचून किती पुढे गेली होती.

मग चढ. तिचा श्वास जड झाला, आणि करकर ऐकू आली. करकर, करकर. मग ती ओरडून म्हणाली, आता उभी राहते, आणि आवाज बंद झाला. नुसता श्वास. मग म्हणाली, आता बसले, आणि पुन्हा करकर.

काकांना कळलं. सीटखालचा बोल्ट, अर्धा वेढा. शब्द जिभेवर आले होते. ते बाहेर पडले असते तर लेक म्हणाली असती, बरं बाबा, करते, ठेवते.

त्यांनी विचारलं, "कधीपासून वाजते आहे?"

ती वर पोचली असावी. सायकल कशाला तरी टेकवल्याचा आवाज आला. ती कुठेतरी बसली. धाप लागलेली होती.

"पहिल्यापासून. घेतली तेव्हापासून," ती म्हणाली. "आईला सांगितलं ते मुद्दाम सांगितलं, बाबा. आईला सायकलीतलं काय कळतंय? मला वाटलं ती तुम्हाला सांगेल."

"सांगितलं तिने."

"हो. मग तुम्ही म्हणालात, तेल घाल."

काकांनी डोळे मिटले. काकू समोर उभ्या होत्या आणि पदराने उगीचच टेबल पुसत होत्या.

"घातलं मी तेल," लेक म्हणाली. "चेन धुतली. तुम्ही सांगाल ते सगळं केलं. दुकान आहे इथे, घरासमोरच. रोज त्याच्यासमोरून जाते."

"मग दाखवली नाहीस?"

"नाही."

का नाही, ते ती बोलली नाही. काकांनी ते तिच्या तोंडून काढून घेतलं नाही, की स्वतःच्या मनाने भरूनही टाकलं नाही. इतक्या लांबून तिचा श्वास हळूहळू सावकाश होताना त्यांना ऐकू येत होता. लहानपणी तापात ती त्यांच्या छातीवर झोपायची तेव्हा ऐकू यायचा तसा. काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याची लाज वाटत नव्हती.

"बाबा? आहात ना?"

"आहे."

"कळलं का, कुठून येतोय ते?"

मॅडमनी शिकवलेल्या धंद्यात ही लबाडी बसत नव्हती. पण काका म्हणाले, नीट समजलं नाही बुवा, वाऱ्यात ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा चढून बघतेस का?

"खाली जाऊन परत यावं लागेल, बाबा. चढ मोठा आहे. वेळ लागेल."

"लागू दे," काका म्हणाले.